दहा फेऱ्या आणि एक खोडरबर

आधी कबुली देऊन टाकते: व्यायामाचे आकडे मोजणारं मनगटावरचं घड्याळ निवडायला मला अकरा महिने लागले. नवरा म्हणतो, एवढ्या वेळात लोक घर बघतात, घेतात, रंगवतात आणि राहायलाही जातात. पण माझं पोटच मोजमापावर चालतं. मी जमिनीची मोजणी करते. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र), त्याचा प्रिझम, तिपाई आणि नोंदींचं फील्ड बुक यांच्या संगतीत वीस वर्षं गेली. आमच्याकडे एक रीडिंग चुकलं की दोन शेजारी आयुष्यभर एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे एखादी वस्तू मला ‘आज ८,४१२ पावलं’ असं शेवटच्या आकड्यापर्यंत ठणकावून सांगायला लागली, की माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘कशावरून?’

गरज काय होती ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघता येईल. आठवड्यातून तीन दिवस पळणं, दोन दिवस पोहणं, आणि रविवारी बॅडमिंटन, जे मी वाईट खेळते पण मनापासून खेळते. व्यायाम सोडून कामाचा वेळ अर्धा उन्हात, अर्धा ऑफिसात. वय ४४. मनगटाचा घेर साडेचौदा सेंटीमीटर. हा शेवटचा आकडा लक्षात असू द्या, बराचसा घोळ त्यानेच घातला.

पहिलं घड्याळ तीन वर्षांपूर्वी घेतलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण अर्धा दोष माझाच होता. खोक्यावर लिहिलेली यादी वाचून घेतलं. ऐंशीच्या वर खेळ! त्यात घोडेस्वारी होती, स्कीइंग होतं, आणखी काय काय होतं. ज्या दोन-तीन गोष्टी मी खरोखर करते त्या ते कशा मोजतं, हे विचारायचं मात्र राहून गेलं. तबकडी ४७ मिलिमीटरची. माझ्या मनगटावर ती हाडाच्या दोन्ही बाजूंना बाहेर डोकावायची. एखाद्या लहान मुलाने बापाचं घड्याळ घालून बघावं तसं दिसायचं. म्हटलं, दिसण्याचं काय एवढं.

मग तो दिवस आला. सकाळची वेळ, आरामात पळत होते, म्हणजे शेजारी कोणी असतं तर गप्पा मारता आल्या असत्या इतक्या आरामात. सहज घड्याळाकडे पाहिलं तर ठोके १७२. दोन मिनिटांनी पुन्हा पाहिलं, १७१. मनात नाही नाही ते येऊन गेलं. धाप नाही, छातीत काही नाही, आणि हृदय म्हणे १७२! थांबले. दोन बोटं मानेवर ठेवली आणि घड्याळातल्याच सेकंदांकडे बघत पंधरा सेकंद मोजले. ३४ ठोके. चोक १३६. तोवर घड्याळही हळूहळू उतरत १४० वर आलं होतं.

सवयीने मी तिथेच दुसरं रीडिंग घेतलं. पुन्हा त्याच चालीने पळायला लागले आणि या वेळी ठोके नाही, पावलं मोजली. पंधरा सेकंदांत ४३. चोक १७२.

तर प्रकार असा होता. घड्याळ माझे ठोके मोजतच नव्हतं, माझी पावलं मोजून ती ठोके म्हणून दाखवत होतं.

हे का होतं ते समजून घ्यायला मला एक संध्याकाळ लागली, आणि खरेदीच्या आधी ती संध्याकाळ घालवली असती तर बरं झालं असतं. घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त किंचित वाढतं, परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, आणि शेजारचा सेन्सर तो फरक टिपतो. म्हणजे घड्याळाला ‘धडधड’ ऐकू येत नाही. ते उजेडाची थरथर बघतं. आता घड्याळ सैल असेल तर पावलागणिक ते हलतं, फटीतून बाहेरचा उजेड आत येतो, आणि हीही एक थरथरच. दोन्हींतली जी मोठी आणि नियमित, ती घड्याळ उचलतं. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला १६० ते १८० च्या आसपास असतात, म्हणजे जोरात पळताना ठोके जिथे असतात नेमकं तिथेच. गोंधळ व्हायला आणखी काय हवं? थंडीत तर विचारूच नका, कातडीतलं रक्त आत ओढलं जातं आणि मोजायला फारसं उरतच नाही. मनगटावर गडद गोंदण असेल तरीही तेच, प्रकाश शाईतच अडकतो.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. घड्याळ मनगटाच्या हाडावर न घालता त्याच्या वर, कोपराच्या बाजूला एक बोट सरकवून घालायचं, आणि व्यायामापुरता पट्टा एक खाच आवळायचा. मी ते केलं. पण ४७ मिलिमीटरची सपाट तबकडी साडेचौदाच्या गोल मनगटावर कितीही आवळली तरी कडेला फट राहतेच. ताटली उपड्या वाटीवर ठेवून बघा, कळेल. हात सुजेपर्यंत आवळलं तेव्हा आकडे सुधारले, पण मग पट्ट्याखाली लाल चट्टा उठला आणि घड्याळ आठ दिवस खणात गेलं. खणातल्या घड्याळाची अचूकता किती, हा प्रश्न मला तिथेच पडला.

खरे ठोके हवे असतील तर छातीचा पट्टा. तो उजेड बघत नाही, हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो. ही काही नवलाई नव्हे. फिनलंडच्या पोलर कंपनीने बिनतारी हृदयठोके मोजणारं यंत्र १९८२ मध्येच बाजारात आणलं होतं. पण बायकांना एक अडचण असते ती पुरुष परीक्षक कधी लिहीत नाहीत: हा पट्टा नेमका स्पोर्ट्स ब्राच्या इलॅस्टिकखाली येतो आणि तासाभरात तिथे सोलवटतं. मी दंडावर बांधायचा सेन्सर घेतला. तंत्र तेच, हिरव्या दिव्याचं, पण दंड मनगटासारखा वाकत नाही आणि तिथे मांस असतं, त्यामुळे तो चिकटून बसतो. बॅडमिंटनला तर याला पर्याय नाही. स्मॅश मारताना मनगट असं काही मुरडतं की मनगटावरच्या सेन्सरने हात टेकावेत. शिवाय रॅली संपते वीस सेकंदांत, आणि मनगटावरचा आकडा तिथे पोहोचेपर्यंत पुढची सर्व्हिस झालेली असते.

म्हणजे पहिला निर्णय झाला: ठोके घड्याळाकडून ‘साधारण’ घ्यायचे आणि ‘नेमके’ हवे असतील तेव्हा दंडाकडून. मग घड्याळ या बाहेरच्या सेन्सरशी ब्लूटूथने जोडता यायला हवं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण बऱ्याच स्वस्त पट्टीवजा घड्याळांत ही सोयच नसते.

दुसरा निर्णय आकाराचा. इथे खोडरबर येतो.

कंपन्या आपल्या संकेतस्थळावर मापं देतातच: व्यास, जाडी, वजन. मी पुठ्ठ्याच्या चार गोल चकत्या कापल्या, ४०, ४२, ४५ आणि ४७ मिलिमीटरच्या. जाडीसाठी खोडरबर सुरीने कापून बरोबर १३ मिलिमीटरचा केला आणि चकतीखाली चिकटवला. वजनासाठी नाणी. आणि हे सगळं चिकटपट्टीने मनगटाला बांधून दिवसभर वावरले. ऑफिसातल्या पोराने विचारलं, “मॅडम, काय लागलं हाताला?” म्हटलं, “अजून काही नाही, लागणारे.”

एका दिवसात जे कळलं ते अकरा महिन्यांच्या वाचनातून कळलं नसतं. पूर्ण बाहीचा शर्ट घातला की १३ मिलिमीटरवर बाही अडकते. तिपाईचे पाय आवळताना ४७ चा गोल हाताच्या मागे रुततो. टायपिंग करताना टेबलाच्या कडेला तो दर मिनिटाला आपटतो. आणि रात्री कुशीवर गालाखाली हात घेऊन झोपायची मला सवय आहे, तेव्हा ४५ चा सुद्धा गालात घुसतो. ४२ ला काही जाणवलं नाही. ४५ आणि ४७ बाद. बाजारातली अर्धी घड्याळं एका खोडरबराने कमी केली.

आता माझा आवडता भाग, अंतर.

जीपीएसशी माझं कामाचं नातं आहे, त्यामुळे लोक घड्याळाच्या जीपीएसवर जसा विश्वास ठेवतात तो पाहून मला गंमत वाटते. उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर वर आहेत. तिथून निघालेला संकेत किती वेळात पोहोचला यावरून अंतर काढायचं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे वेळेत शंभर नॅनोसेकंदांची चूक झाली की तीस मीटर गेले. आम्ही मोजणी करताना एक यंत्र माहीत असलेल्या बिंदूवर रोवून ठेवतो, दुसरं हातात घेऊन फिरतो, आणि दोघांच्या तुलनेतून चूक काढून टाकतो. तेव्हा कुठे सेंटीमीटरचा हिशेब लागतो. घड्याळ बिचारं एकटं, अँटेना नखाएवढा, आणि तोही सतत मागे-पुढे झुलणाऱ्या हातावर. तरी ते जे करतं ते कौतुकाचंच आहे. एक काळ असा होता की अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळायची. ती २ मे २००० ला बंद झाली. त्यानंतरच मनगटावरच्या जीपीएसला अर्थ आला.

उंच इमारतींमध्ये संकेत भिंतींवर आपटून वळसा घेऊन येतो आणि घड्याळाला वाटतं तुम्ही समोरच्या दुकानातून पळत गेलात. यासाठी नव्या घड्याळांत दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकायची सोय असते, एल१ आणि एल५. आपटून आलेला संकेत एल५ वर ओळखणं सोपं जातं. उंच इमारतींच्या गल्ल्यांत किंवा दाट झाडीत पळत असाल तर ही सोय बघून घ्या. मोकळ्या मैदानात पळत असाल तर तिच्यावाचून फारसं अडत नाही. बॅटरी मात्र ती जास्त खाते.

पळणाऱ्या मंडळींकडून मी तीन घड्याळं उसनी मिळवली, माझं जुनं सोबत घेतलं आणि ४०० मीटरच्या ट्रॅकवर गेले. ट्रॅकची पहिली लेन आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवर मोजलेली असते. मी माझ्या सवयीने ६० सेंटीमीटरवरून पळते, म्हणजे फेरीला १.९ मीटर जास्त, दहा फेऱ्यांना १९ मीटर. माझ्या दहा फेऱ्या ४.०२ किलोमीटर. घड्याळात ट्रॅकसाठी खास मोड असतो, तो आकडा गोल करून देतो. तो मुद्दाम बंद ठेवला. तीन रविवार, दर वेळी दहा फेऱ्या. बॅडमिंटनवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या.

माझं जुनं घड्याळ: ४.२१, ३.९६, ४.१४. सगळ्यात महागडं, दोन फ्रिक्वेन्सींचं: ४.०३, ४.०२, ४.०४. तिसरं, मध्यम, ४२ मिलिमीटरचं: ४.०७, ४.०८, ४.०७. चौथं पहिल्याच रविवारी मधेच बंद पडलं, पण ते चार्ज न करता दिलं होतं, त्यामुळे त्याला दोष नाही.

नवीन लागले तेव्हा माझे पहिले साहेब म्हणायचे, टेप दोन सेंटीमीटर लांब असली तरी कामाची आहे, फक्त ती किती लांब आहे ते ठाऊक पाहिजे. रोज वेगळी लांब होणारी टेप फेकून द्या. चुकीच्या दोन जाती आहेत, इमानी आणि लहरी. इमानी चूक वजा करता येते. तिसरं घड्याळ शंभराला सव्वा मीटर जास्त सांगतं, दर वेळी तेवढंच. मला गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात दम वाढला का हे बघायचंय. त्यासाठी ते घड्याळ पुरेसं खरं आहे. पहिलं मात्र एका रविवारी मला शूर बनवतं आणि दुसऱ्या रविवारी आळशी.

दुसरं सगळ्यात अचूक, मग ते का नाही? ते घेऊन मी दोन रात्री झोपायचा प्रयत्न केला. दोन्ही रात्री तीनच्या सुमारास ते उशाशी काढून ठेवलं.

जाता जाता एक राग काढून घेते. शर्यतीनंतर कोणीतरी असतंच जे म्हणतं, “मार्ग चुकीचा मोजलाय, माझ्या घड्याळात ४२.१९५ ऐवजी ४२.७ किलोमीटर आले.” बाबांनो, मॅरेथॉनचा मार्ग सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावून मोजतात. सायकल आधी मोजलेल्या सरळ अंतरावर चालवून घेतात, मग वळणांवर सगळ्यात आखूड शक्य असलेल्या रेषेवरून जातात, आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम वाढवतात. तुम्ही पाण्याच्या टेबलाकडे वळलात, गर्दीतून बाहेरून गेलात, मित्राला हात करायला पलीकडे गेलात. वर घड्याळाची चूक. सायकलवाल्याला बोल लावू नका.

पोहण्याचं गणित वेगळं. तलावात जीपीएसचा उपयोग नाही. पाण्याखाली संकेत पोहोचतच नाही. घड्याळ हाताच्या हालचालीवरून ओळखतं की तुम्ही भिंतीला लाथ मारून वळलात, आणि फेऱ्या गुणिले तलावाची लांबी एवढाच त्याचा हिशेब. म्हणून लांबी आधी नीट भरायची, २५ की ५०. मी एकदा सव्वा महिना ५० वर ठेवून २५ च्या तलावात पोहत होते आणि स्वतःवर फारच खूश होते. फळी धरून नुसते पाय मारलेत तर हात हलत नाहीत, त्या फेऱ्या घड्याळाच्या लेखी झाल्याच नाहीत. पाण्याबद्दल आणखी एक: खोक्यावर ‘५० मीटर’ किंवा ‘५ एटीएम’ लिहिलेलं असतं ते खोली सांगत नाही, स्थिर पाण्याचा दाब सांगतं. पोहायला चालतं, स्कूबाला नाही. आणि पाण्यापेक्षा साबण आणि गरम वाफ यांनीच आतलं रबर लवकर खराब होतं. मी तलावातून आले की साध्या पाण्याने धुते आणि अंघोळीला काढून ठेवते.

बटणं की टच? या प्रश्नावर मी अजिबात तटस्थ नाही. ओल्या बोटाने टच चालत नाही, घामाच्या थेंबाने तो आपोआप चालतो, हातमोज्यांत तर नाहीच नाही. कधीतरी पाण्यातून हात वर काढून, नाकातोंडात पाणी असताना, काचेवर बोट सरकवून ‘थांबा’ शोधून बघा. पाच बटणांचं घड्याळ पहिले चार दिवस डोकं खातं, पाचव्या दिवसापासून न बघता चालतं.

पडदे दोन तऱ्हेचे. अमोलेड झळझळीत, फोनसारखा देखणा, पण स्वतःच्या उजेडावर चालतो. दुसरा एमआयपी, तो बाहेरचा उजेड परत फेकून दिसतो. घरात मळकट वाटतो, भर उन्हात छापल्यासारखा स्पष्ट. अर्धा दिवस उन्हात असणाऱ्या माझ्यासारखीला दुसरा. ऑफिसात आणि रात्री जास्त बघणार असाल तर पहिला घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मात्र अमोलेड सतत चालू ठेवला की बऱ्याच घड्याळांत बॅटरीचे दिवस झपाट्याने घटतात, आणि जाहिरातीतला आकडा बहुधा पडदा झोपू देऊनच काढलेला असतो.

बॅटरीबद्दल लोक ‘किती दिवस’ विचारतात. मी विचारते, ‘चार्ज कधी करणार?’ रोज चार्ज करायचं घड्याळ असेल तर ते रात्री चार्जरवर जातं, मग झोप मोजायची कशी? आठवड्याला एकदा असेल तर अंघोळ आणि कपडे यांच्या वेळात चार्ज होऊन जातं. शिवाय प्रत्येक कंपनीची वायर वेगळी. ती एकदा प्रवासात विसरलात की मनगटावर नुसता दागिना. ज्यांचे पिनांचे सांधे उघडे असतात त्यांच्यावर घाम साचून हिरवट बुरशीसारखं येतं, ते पुसत चला.

काच हा धुळीत काम करणाऱ्यांचा विषय. वाळूतला क्वार्ट्झ कडकपणाच्या मोह्स श्रेणीवर ७, नीलम काच ९. साध्या काचेवर वाळूचे ओरखडे पडतात, नीलमवर नाही. नीलम काच जरा जास्त चमकते, एवढंच. मी नीलम घेतली. ऑफिसातच बसायचं असतं तर घेतली नसती.

पट्टा मात्र कोणालाही सांगेन: सिलिकॉनच्या जोडीला नायलॉनचा एक घ्या. खाचा नसतात, हवा तेवढाच आवळता येतो, चट्टा उठत नाही. वाळायला वेळ लागतो, म्हणून पोहण्याच्या दिवशी सिलिकॉन. पट्ट्याची रुंदी १८, २० किंवा २२ मिलिमीटर अशी सरळ असेल तर कुठलाही बसतो. कंपनीने स्वतःचाच खटका काढला असेल तर जन्मभर त्यांच्याकडूनच.

फोनशी जुळतं का हे आधी बघा, हे सांगायला लागू नये, पण माझ्या भाचीने घेतल्यावर बघितलं. ॲपल वॉचला आयफोन लागतोच, आणि गूगलचं पिक्सेल वॉच आयफोनशी जुळत नाही. आणि तुमची नोंद फाइल म्हणून बाहेर काढता येते का तेही बघा. पेबल हे लाडकं घड्याळ होतं अनेकांचं. २०१६ च्या डिसेंबरात कंपनीच बंद झाली. घड्याळ जातं, पण पाच वर्षांच्या नोंदी जाऊ देऊ नका. पळण्याच्या वाटेचा नकाशा इतरांना उघडा ठेवताना घराचा परिसर लपवायचा, हे तर मी मोजणीवाली म्हणून आवर्जून सांगते. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपच्या, लोक कुठे किती पळतात ते दाखवणाऱ्या नकाशावर लष्करी तळांच्या कुंपणालगत पळणाऱ्या सैनिकांच्या वाटा लख्ख दिसल्या होत्या.

आता जे आकडे मी बघतच नाही त्यांच्याबद्दल. पहिला कॅलरीचा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली. ठोक्यांत सातांपैकी सहा ठीक निघाली, चूक ५ टक्क्यांच्या आत. कॅलरीत सगळ्यात चांगल्याची चूक सरासरी २७ टक्के, सगळ्यात वाईटाची ९३. यंत्रं तेव्हापासून बदलली, पण शरीरातल्या भट्टीचा हिशेब मनगटावरून लावायचा, ही मूळ अडचण तीच आहे. दुसरा दहा हजार पावलांचा. तो कोणा डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र निघालं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’, आणि आकडा जगभर चिकटला. मी मोजणीच्या दिवशी पंधरा हजार चालते, ऑफिसच्या दिवशी चार. सरासरी काढून काय करू?

तिसरा झोपेचा. एका सकाळी छान ताजी उठले, घड्याळाने १०० पैकी ५४ गुण दिले. अकरा वाजेपर्यंत मला खरंच थकल्यासारखं वाटायला लागलं. दुपारी लक्षात आलं की आदल्या रात्री मी तासभर न हलता पुस्तक वाचत पडले होते, ते त्याने झोप म्हणून धरलं होतं आणि मग म्हणालं, फार तुटक झोपलात. झोपेच्या आकड्यांनीच झोप उडणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असा शब्दही निघाला. मी सकाळचा अहवाल बंद केला. झोपलेल्या वेळेचे सात-आठ तास आणि पहाटेचे विश्रांतीतले ठोके एवढंच ठेवलं. ते ठोके नेहमीपेक्षा सहा-सात वर गेले की मी त्या दिवशी पळत नाही, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सर्दी असते.

एक गोष्ट मात्र घेतल्या घेतल्या बदला: कमाल ठोक्यांचा आकडा. बरीचशी घड्याळं सुरुवातीला २२० वजा वय धरतात. माझे १७६. चढावर जीव तोडून पळाले तेव्हा दंडावरच्या सेन्सरने १८९ दाखवले, आणि मी जिवंत आहे. सूत्र सरासरी माणसाचं असतं. दहा-बारा इकडेतिकडे सहज होतं. तो आकडा न बदलता घड्याळ त्यावरून आखतं त्या हलकं-मध्यम-जोर अशा पातळ्यांवर चाललात तर हलकं पळणंही ते ‘फार जोर’ म्हणून ओरडत बसतं.

शेवटी ते तिसरंच घेतलं, ४२ मिलिमीटरचं. मॉडेलचं नाव विचारू नका. सहा महिन्यांत नवं येईल आणि कोणीतरी मला जुन्याचा जाब विचारेल. आदल्या पिढीचं होतं, ते मुद्दाम घेतलं. पिढ्यांमधला फरक बहुतेक वेळा पडद्यात आणि जाहिरातीत असतो. अकरा महिने झाले आता त्यालाही. मनगटावर गोऱ्या कातडीचा एक गोल डाग पडलाय, तो त्याच्या हजेरीचा पुरावा.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी अजूनही ट्रॅकवर दहा फेऱ्या मारते आणि आकडा फील्ड बुकच्या शेवटच्या पानावर लिहिते. ४.०७, ४.०७, ४.०८, ४.०७. परवाच्या रविवारी ३.८९ आले. दोनदा डोळे पुसून पाहिलं. घरी येऊन नकाशा मोठा केला, तर दोन्ही वळणांवर गोलाऐवजी सरळ तुकडे, कोणीतरी पट्टीने कोपरे कापावेत तसे. आदल्या आठवड्यात अपडेट झालं होतं आणि त्यात उपग्रहांचा पर्याय बॅटरी वाचवण्याच्या मोडवर जाऊन बसला होता. घड्याळ दर सेकंदाऐवजी मधूनमधून बघत होतं मी कुठे आहे ते. पर्याय परत बदलला. ३.८९ वर लाल शाईने गोल केला, शेजारी कारण लिहिलं. पुढच्या रविवारी परत दहा फेऱ्या आहेत. बॅडमिंटनवाल्यांना अजून सांगितलेलं नाही.